पंधरा दिवसांची गोळी आणि नऊ वर्षांची सवय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नशेच्या गोळ्यांचा साठा पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. टेबलावर मांडलेल्या स्ट्रिप, मागे उभे पोलीस आणि तोंड झाकलेली दोन-तीन मुले, असे छायाचित्र बहुधा सोबत असते. ते पाहून वाचकाची समजूत होते की औषधी गोळ्यांचे व्यसन हा गल्लीबोळातल्या पोरांचा आणि पोलिसांचा विषय आहे, आपल्या घराशी त्याचा संबंध नाही. मी गिरगावातल्या एका मेडिकलमध्ये ३१ वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम केले. माझ्या काउंटरवरून या गोळ्या नेणाऱ्यांत अशी मुले थोडी होती. बहुतेक जण साठी ओलांडलेले, नीटनेटके, पेन्शनच्या पैशांतून बिल चुकते करणारे आणि 'नशा' हा शब्द ऐकून दुखावले गेले असते असे लोक होते. त्यांत माझी आईही होती आणि तिची गोळी मीच नेत होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील २००९ साली गेले. त्यानंतर आईला रात्र रात्र झोप लागत नसे. दिवा मालवला की छातीत धडधड सुरू होई. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. त्या चिठ्ठीत चूक काहीच नव्हती. दुःखाच्या ऐन भरात माणसाला दोन आठवडे झोप मिळावी, यासाठी ते औषध खरोखरच उपयोगी आहे. पंधरा दिवस संपले तेव्हा आई म्हणाली, "अजून एक स्ट्रिप आण गं, एवढ्यात बंद नको." मी आणली. मी ज्या दुकानात उभी होते तेथे मला चिठ्ठी कोण विचारणार? पाव मिलिग्रॅमचे पुढे अर्धे झाले, चौथ्या वर्षी दुपारसाठीही एक गोळी लागू लागली. घरात कोणीही त्याला व्यसन म्हटले नाही. पाहुण्यांनी विचारले तर आम्ही सांगायचो, "तिला त्या गोळीची सवय आहे."

२०१८च्या पावसाळ्यात ती रात्री उठून गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासाकडे निघाली, अर्धवट गुंगीत तिचा तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. झोपेच्या गोळ्यांमुळे वृद्धांमध्ये पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण वाढते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. ते वाचलेले त्या रात्री माझ्या काही कामाला आले नाही. रुग्णालयात भरती करताना कोणती औषधे चालू आहेत असे विचारले, तेव्हा मी रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी सांगितली. झोपेची गोळी सांगायचे मला सुचलेच नाही आणि आईने तर ती औषधांत कधी धरलीच नव्हती. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तिसऱ्या रात्री मात्र तिचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला, ती चादरीवरून न दिसणाऱ्या मुंग्या वेचू लागली आणि मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागली. वॉर्डात सांगण्यात आले की वयामुळे ऑपरेशननंतर असे होते. पहाटे तिला फिट आली.

राउंडवर आलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "आजी घरी झोपेची गोळी घेतात का, आणि किती वर्षांपासून?" त्यांनी त्याच कुळातले औषध शिरेवाटे सुरू केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने मला माझ्या नावाने हाक मारली. तो प्रश्न भरतीच्या वेळी कोणी विचारला असता, किंवा न विचारता मी उत्तर दिले असते, तर ती पहाट आली नसती.

हे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन मज्जापेशींची उत्तेजना आवरून धरते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन कुळातली औषधे त्या रसायनाचा जोर वाढवतात. रोज बाहेरून असा जोर मिळत राहिला की मेंदू हळूहळू स्वतःची संवेदना त्याप्रमाणे बदलून घेतो. म्हणून आधीची मात्रा अपुरी पडू लागते. मग एखाद्या दिवशी गोळी अचानक थांबली, तर आवरून धरणारे काहीच उरत नाही आणि मज्जासंस्था उसळते. झोप उडते, घाम येतो, हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते आणि क्वचित जीवही जाऊ शकतो. अल्प्राझोलमचे रक्तातले प्रमाण साधारण ११ तासांत निम्मे होते, वृद्धांना थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे हा त्रास एक-दोन दिवसांतच डोके वर काढतो. डायझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळते, त्यामुळे त्याचा त्रास उशिरा आणि तुलनेने सौम्यपणे येतो. औषध उतरवताना काही डॉक्टर आधी रुग्णाला डायझेपामवर आणतात, त्यामागे हेच कारण आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२०मध्ये या संपूर्ण कुळावर सर्वांत कडक चौकटीतला इशारा वाढवला. गैरवापर आणि व्यसनाबरोबरच शारीरिक अवलंबन आणि औषध एकाएकी बंद केल्यावर उद्भवणारी जिवावरची लक्षणे, यांचाही उल्लेख त्यात आहे. बाजारात अर्धशतकाहून अधिक काळ असलेल्या औषधांवर हा इशारा इतक्या उशिरा यावा, याचे मला फार वाईट वाटते.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की आपल्याकडे या प्रश्नासाठी दोनच शब्द आहेत आणि दोन्ही अपुरे पडतात. घरातल्या माणसासाठी आपण 'सवय' म्हणतो. तो शब्द इतका मऊ आहे की त्यावर इलाज करावा असे कोणाला वाटत नाही. सवय तर चहाचीही असते. बाहेरच्या माणसासाठी आपण 'व्यसन' म्हणतो. तो शब्द इतका कठोर आहे की ज्याला लागू होतो तो तोंड लपवतो आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. वैद्यकशास्त्र या दोन्हींच्या मधली गोष्ट ओळखते. औषध ठरल्याप्रमाणे घेऊनही शरीर त्यावर अवलंबून राहू शकते, त्यात स्वभावाचा दोष नसतो आणि केवळ तेवढ्यावरून कोणाला व्यसनी म्हणत नाहीत. हाव अनावर होणे, ठरवूनही मात्रा न आवरणे, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणे, कामधंदा आणि घर विस्कटत असूनही घेतच राहणे, ही लक्षणे दिसू लागली की तो व्यसनाचा आजार ठरतो. तोही आजारच असतो, आणि त्याचाही इलाज होतो. माझी आई पहिल्या गटात होती. काउंटरवर मी दुसऱ्या गटातलेही अनेक पाहिले आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे कोठेही रेघ आखलेली नसते, हेही पाहिले.

घरी आल्यावर माझ्या भावाने आईच्या उशाखालच्या उरलेल्या स्ट्रिप उचलून टोपलीत टाकल्या होत्या. त्याने ते प्रेमापोटी केले. मी त्या परत काढल्या, कारण घरच्यांनी रागाने किंवा काळजीने एका दिवसात गोळी बंद करणे, हेच या प्रकरणात सर्वांत धोक्याचे असते. मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हाला वेळापत्रक आखून दिले. दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच-दहा टक्के एवढीच घट करायची. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचे, पण शक्यतो पुन्हा वर चढायचे नाही. मी स्टीलच्या ताटलीत गोळी ठेवून ब्लेडने तिचे तुकडे करत असे. आईने एका जुन्या दोनशे पानी वहीत तारीख, तुकडा आणि किती वाजता झोप लागली याच्या तीन रकाने असलेल्या नोंदी स्वतःच्या हाताने ठेवल्या. काही पानांवर नुसतेच 'जागी' असे लिहिलेले आहे. सगळे संपायला दहा महिने लागले आणि सर्वांत कठीण गेला तो शेवटचा पाव तुकडा. तज्ज्ञांनी सांगितले होते की बऱ्याच जणांना तो टप्पाच जड जातो, म्हणून आम्ही घाबरलो नाही. ती २०२३ साली गेली. त्याआधीची चार वर्षे ती गोळीशिवाय झोपत होती.

गोळी काढून घेतल्यावर झोपेसाठी त्या जागी काहीतरी द्यावे लागते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये गोळीची शिफारस केलेली नाही. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची केली आहे. आईच्या बाबतीत ती अगदी साधी होती. रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचे, दुपारी आडवे व्हायचे नाही, चार वाजल्यानंतर चहा नाही, आणि झोप येत नसेल तर अंथरुणावर कूस बदलत न राहता उठून बसायचे. ती उठून गॅलरीत बसे आणि जपमाळ ओढे. दोन महिन्यांनी अंथरुणाला पाठ टेकताच झोप येण्याची रात्र अधूनमधून येऊ लागली.

वेदनाशामकांची गोष्ट वेगळी आहे आणि तीही आपल्या शहराचीच आहे. भुलेश्वरच्या बाजारात हातगाड्या ओढणारे, रात्रभर टेम्पो चालवणारे, चौदा तास उभे राहून काम करणारे कितीतरी लोक माझ्याकडे ट्रामाडॉल मागायला येत. सुरुवात खऱ्या पाठदुखीपासून झालेली असे. पुढे दुखणे मागे पडे आणि गोळी घेतल्याशिवाय गाडी ओढायची ताकद वाटेनाशी होई. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तसेच. कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो, हे ते बाटलीने पिणाऱ्याला माहीत नसते. ट्रामाडॉल एप्रिल २०१८मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. त्यानंतर दुकानात मागायला येणारे कमी झाले. ते बरे झाले म्हणून यायचे थांबले, असे समजण्याइतकी मी भाबडी नाही. त्यांतल्या कोणालाही उपचाराचा पत्ता मिळाल्याचे मला आठवत नाही.

ट्रामाडॉल, कोडीन यांसारखे अफूवर्गीय औषध थांबले की नाक-डोळे गळतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, हाडे फुटल्यासारखे वाटते. ते सहसा जीव घेत नाही, पण सहन होत नाही, म्हणून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. यावर ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी आणि मेथाडोन अशी उपचाराची औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही २००५पासून आहेत. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत अफूवर्गीय औषध जिथे बसते त्याच जागी जाऊन बसते, पण अर्धवटच काम करते. त्यामुळे हाव शमते, त्रास थांबतो आणि एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी श्वास त्या प्रमाणात दबत नाही. "एक व्यसन सोडवायला दुसरे लावता का?" असे नातेवाईक विचारतात. ज्याचा हात दर चार तासांनी खिशातल्या गोळीकडे जात होता तो माणूस सकाळी एक गोळी घेऊन कामावर जातो, पगार घरी आणतो आणि मुलांशी बोलतो, यातला फरक त्यांनी पाहावा. हे औषध बऱ्याच जणांना महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि ते लवकर बंद करण्याची घाई घरच्यांनी करू नये.

एक धोका मात्र ठळकपणे सांगितलाच पाहिजे. काही आठवडे केंद्रात राहून शरीर औषधमुक्त झाले की जुनी मात्रा पेलण्याची शक्ती गेलेली असते. घरी परतलेल्या माणसाने मोहाच्या एका क्षणी पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. श्वास मंदावला आहे, ओठ निळसर झाले आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत असे दिसले तर १०८ला फोन करावा आणि काय घेतले आहे ते न लपवता सांगावे. नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे औषध असते आणि ते वेळेत मिळाले तर माणूस वाचतो.

नियम नाहीत असे नाही. औषधविक्रीच्या नियमांत १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या 'एच-१' परिशिष्टात अल्प्राझोलम, डायझेपाम, झोलपिडेम, ट्रामाडॉल, कोडीन अशी औषधे आहेत. चिठ्ठी देणारे डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेली संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची, असे बंधन दुकानदारावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. प्रत्यक्षात चार घड्या पडून चिरलेली, मागून चिकटपट्टी लावलेली, तारीख नेमकी घडीवर येऊन पुसली गेलेली चिठ्ठी माझ्यासमोर येई. गिऱ्हाईक वीस वर्षांच्या ओळखीचे असे आणि मालक गल्ल्यावरून माझ्याकडे पाहत असत. नाही म्हटले तर ते समोरच्या दुकानात जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असे. मी कित्येकदा औषध दिले. ते मी द्यायला नको होते.

या पत्राचा उलटा अर्थ कोणी काढू नये, म्हणून हेही लिहिते. परळच्या टाटा रुग्णालयात वेदनांनी तळमळणाऱ्या कर्करुग्णाला मॉर्फिन मिळालेच पाहिजे. त्यासाठीच २०१४मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून अशा औषधांची वाट सोपी करण्यात आली. व्यसनाच्या भीतीने त्याचे औषध अडवणे ही क्रूरता आहे.

माझी मागणी छोटी आहे. झोपेची किंवा अफूवर्गीय गोळी लिहून देताना डॉक्टरांनी ती कधी थांबवायची, ती तारीखही चिठ्ठीवर लिहावी. रुग्णालयांनी भरतीच्या कागदावर "झोपेची, काळजीची किंवा दुखण्याची गोळी रोज घेता का, किती वर्षे?" हा प्रश्न स्वतंत्रपणे छापावा, कारण 'कोणती औषधे चालू आहेत' या प्रश्नाला ते उत्तर येत नाही, हे मी भोगले आहे. आणि महापालिकेने 'आपला दवाखाना'मधल्या डॉक्टरांना गोळी सावकाश उतरवण्याचे प्रशिक्षण द्यावे. केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पण बहात्तर वर्षांच्या बाईला दर पंधरवड्याला लोकलने तिथवर नेऊन रांगेत बसवणे किती घरांना जमेल? आम्हाला जमले, कारण मी रजा काढू शकत होते.

मुंबईत वांद्र्याचे कृपा फाउंडेशन आणि पुण्यात १९८६पासून चालणारे मुक्तांगण, अशा संस्थांनी व्यसनी माणसाला माणसासारखे वागवून बरे करता येते हे दाखवून दिले आहे. 'मारून सरळ करणाऱ्या' केंद्रांत कोणी आपले माणूस नेऊन टाकू नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे आणि त्या कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक आजारही येतात. पोलिसांच्या भीतीने जे उपचारांपासून दूर राहतात, त्यांना हेही सांगावेसे वाटते की अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी जातो आणि ते पूर्ण करतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून संरक्षण मिळते.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, वैद्यकीय सल्ल्याविना झोपेची आणि गुंगीची औषधे घेणाऱ्यांची संख्या देशात सुमारे १.१८ कोटी इतकी दिली आहे. सुरुवातीला चिठ्ठी असलेली माझ्या आईसारखी माणसे त्या आकड्यात कितपत धरली गेली असतील? त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे आपले दैनिक हे एक साधन आहे. म्हणून विनंती आहे की गोळ्या पकडल्याची बातमी पुढच्या वेळी छापाल, तेव्हा तिच्याखाली एका चौकटीत तीन ओळी द्याव्यात: मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस'चा विनामूल्य क्रमांक १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय विनामूल्य क्रमांक १४४४६, आणि 'रोजची गोळी अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.'

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट, गिरगाव, मुंबई